एक जूनची मुलं

आमच्या बालगृहातल्या निम्म्याहून जास्त मुलांचा वाढदिवस एक जूनला असायचा. नवीन आलेला प्रत्येक कर्मचारी पहिल्या वर्षी विचारायचाच की एवढी मुलं एकाच दिवशी जन्मली कशी. उत्तर साधं होतं. ही मुलं कधी जन्मली हे कुणालाच ठाऊक नसायचं. सरकारी डॉक्टर दात बघून, मनगटाचा एक्स-रे काढून अंदाजानं वय सांगायचे, आणि शाळेत नाव घालताना हेडमास्तर त्याला एक जून ही तारीख चिकटवायचे. शाळेला तारीख मिळायची, मुलाला वाढदिवस मिळायचा, कुणाचंच काही बिघडायचं नाही. बिघडायचं ते मूल अठराचं झाल्यावर.

कारण कायद्यानं बालगृह अठरा वर्षांपर्यंतच. त्यानंतर मुक्तीचा आदेश निघायचा. कागदावर शब्द हाच, 'मुक्त'. दर वर्षी एक जूनला सकाळी फाटकाशी पाच-सहा मुलं पत्र्याच्या पेट्या घेऊन उभी असायची. नवे शिवलेले कपडे, तेल लावून बसवलेले केस. कुणी उगाच हसायचं, कुणी चप्पल पुसत बसायचं. लहान मुलं जाळीतून बघायची. आणि मग ती मोठी मुलं पेट्या उचलून बसस्टँडच्या दिशेनं चालू लागायची.

मी परिवीक्षा अधिकारी होते. आधी लातूरला, नंतर बदलीवर नांदेडला. हा शब्द माझ्या अम्मीला शेवटपर्यंत म्हणता आला नाही, तिला मी एवढंच सांगायची की मूल कुठून आलं, घरी कोण आहे, परत पाठवलं तर नीट राहील का, हे जाऊन बघायचं आणि बालकल्याण मंडळापुढं सांगायचं. आमचं घर नांदेडला इतवाऱ्यात. अब्बा शिलाईकाम करायचे. घराण्यात सरकारी नोकरी करणारी मी पहिली, म्हणून अम्मीला कौतुक फार. पण एक जूनचं ऐकल्यावर ती हातातलं तांदूळ निवडणं थांबवून म्हणाली, "अठरा साल के बच्चे कू कौन घर से निकालता गे?" मी कायदा समजावून सांगायला लागले. ती म्हणाली, "कानून रहने दे. कौन निकालता, वो बोल."

मुलांसाठी पुढं एक अनुरक्षणगृह होतं, तिथं काही जणांना काही काळ राहता यायचं. बाकीचे गॅरेजमध्ये, हॉटेलात, बांधकामावर लागायचे. मुलींसाठी महिलांचं राज्यगृह, नाहीतर लग्न. कॉलेजचा विचार कुणी करत नव्हतं. कुणी दुष्ट होतं म्हणून नव्हे. इतकं पुढचं बघायला कुणाला सवडच नव्हती. माझ्या नोकरीत ज्यांनी मला त्या बाजूला बघायला लावलं त्यांत पहिली महानंदा. दिवाळी अंकासाठी नोकरीतलं काहीतरी लिहा असं सांगितल्यावर मला तिच्याशिवाय दुसरं काही सुचलं नाही.

भूकंप झाला तेव्हा मी नोकरीत नवी होते. आम्हाला जीपमध्ये बसवून किल्लारीच्या बाजूला नेलं. त्याबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे, मी भर घालत नाही. एवढंच सांगते की पाऊस पडत होता, आणि ज्यांचं कुणी उरलं नव्हतं ती मुलं एका शामियान्यात बसवली होती, आणि ती रडत नव्हती. मी आयुष्यात पुष्कळ रडणारी मुलं शांत केली. न रडणाऱ्या मुलांचं काय करायचं हे मला त्या दिवशी कळलं नाही, आणि आजही नीटसं कळलेलं नाही.

महानंदा त्या शामियान्यात नव्हती. तिला तिच्या काकानं नेलं होतं. माणिकराव त्याचं नाव. तेरणेकाठच्या एका गावात त्याच्या भावाचं अख्खं घर गेलं, ही एवढी पोर तेवढी सापडली. त्यानं तिला पत्र्याच्या शेडमध्ये आपल्या पोरांबरोबर ठेवलं. पुढं पुनर्वसनाचं नवं घर मिळालं तेव्हा मात्र तो तिला घेऊन लातूरला आमच्याकडं आला. डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"बाई, म्या लई केलं. ही पोरगी छताखाली झोपत न्हाई. भायेर दगडावर बसती. थंडी न्हाई, पाऊस न्हाई. मारून बघितलं, गोड बोलून बघितलं. आता माझ्याच्यानं व्हत न्हाई."

महानंदा त्या वेळी सहा-सात वर्षांची असेल. तिनं काकाकडं बघितलं नाही, माझ्याकडंही नाही. ती ऑफिसातल्या फरशीकडं बघत होती. काका गेला तरी तिनं मान वर केली नाही.

आम्ही तिला व्हरांड्यात झोपू दिलं. नियमात बसत नव्हतं, पण आमच्या अधीक्षिका शहाण्या होत्या, त्या म्हणाल्या व्हरांडा हा इमारतीचाच भाग आहे. अशी दोनेक वर्षं गेली. एके दिवशी ती आपण होऊन मुलींच्या दालनात जाऊन झोपली. का, हे तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

ती बाराएक वर्षांची असताना एका दुपारी मी व्हरांड्यातून जात होते. ती चिंचोके मांडून बसली होती. मला वाटलं खेळ चाललाय.

"बाई, बघा," ती म्हणाली. एक चिंचोका ठेवला. त्याच्या कडेनं तीन ठेवले, कोपऱ्यासारखे. "झाला चौकोन. दोनाचा." मग पाच ठेवले, पुन्हा कोपरा. "हा तिनाचा." मग सात. "हा चाराचा. एक, तीन, पाच, सात. विषम आकडे वळीनं मिळवत गेलं की दर वेळेला चौकोनच व्हतो."

मी खाली बसले. नऊ मिळवून बघितले, अकरा मिळवून बघितले. होत होता.

"पुढं कुठं तरी चुकत असेल," मी म्हटलं.

"न्हाई बाई. चुकूच शकत न्हाई. कोपरा लावला की चौकोन व्हणारच. किती बी पुढं जावा." आणि ती हसली. ती हसल्यावर कशी दिसते हे मी तोवर बघितलं नव्हतं.

"कुणी शिकवलं?"

"कुणी न्हाई. चिंचोके मांडत हुते, दिसलं."

मी बी.ए. शिकलेली, गणिताशी माझं कधी जमलं नाही. पण त्या दुपारी मी पुन्हा एकापासून चिंचोके मांडून बघितले. पुढं शाळेतल्या गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, हे जुनंच आहे, पुस्तकात आहे. मी म्हटलं, असेल, पण हिनं पुस्तक कुठं बघितलंय?

एव्हाना लातूर बदलून गेलं होतं. ज्या गल्लीत पूर्वी आडत दुकानं आणि सायकलींची पंक्चर काढणारे होते, तिथं ओळीनं शिकवण्या आल्या. घराघरांत खोल्या पाडून पोरं ठेवली. हदगावची, नायगावची, अर्धापूरची, पार परभणी-बीडकडची पोरं डोक्यावर गाद्या घेऊन उतरायची. आई-बाप डबे देऊन, डोळे पुसून परत जायचे. चौकाचौकांत बोर्ड, त्यावर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो. या सगळ्या पोरांना डॉक्टर नाहीतर इंजिनिअर व्हायचं होतं, निदान त्यांच्या घरच्यांना तरी.

महानंदाला दहावीत इतके चांगले गुण पडले की एका मोठ्या क्लासच्या सरांनी तिला अकरावी-बारावीसाठी फुकट घेतलं. माणूस हुशार होता, शिकवायचाही जीव तोडून. क्लास सुटल्यावर ती शेजारच्या एका खानावळीच्या ओट्यावर थांबायची, तिथं पोरांना अडलेली गणितं समजावून द्यायची. हदगावचा एक दांडगा मुलगा एकदा माझ्यासमोर तिला म्हणाला, "ताई, तू हे सोडवून राहिली का नुसतं बघून राहिली?" कारण ती पेन उचलायच्या आधी बराच वेळ गणिताकडं नुसतं बघत बसायची. खिडकीतून बाहेर बघावं तसं.

ती खानावळ महादेवीअक्कांची. अक्का उदगीरच्या बाजूच्या, कर्नाटकच्या सीमेला लागून माहेर. गळ्यात लिंग, कपाळाला भस्माची पुसट रेघ, आवाज भरड. नवरा लवकर गेला, मूल नव्हतं. ज्या काळात क्लास आले त्याच काळात त्यांनी पोरांना जेवू घालायला सुरुवात केली. बोलता बोलता मधेच कानडी यायची. मुलींना त्या 'अव्वा' म्हणत आणि जेवणाला 'ऊटा'. पोरांचं जेवण झाल्यावर अक्का पदरानं हात पुसत ओट्यावर येऊन बसायच्या आणि महानंदा शिकवत असताना तिच्याकडं बघत राहायच्या.

मार्चमध्ये बारावीची परीक्षा झाली. निकाल जूनच्या मध्यावर लागणार होता, आणि त्याच्या आधी एक जून येणार होता. महानंदाच्याही कागदावर तीच तारीख होती, आणि यंदा तिला अठरा पुरी होत होती.

एक जूनला सकाळी माणिकराव आले. बरोबर बायको, आणि पिशवीत नवी साडी. इतक्या वर्षांत ते दिवाळीला कधीतरी येऊन जायचे, शेंगा नाहीतर तुरीची डाळ ठेवून जायचे. आता ते वेगळ्या कामासाठी आले होते.

"स्थळ बघितलंय बाई," त्यांनी मला सांगितलं. "पोरगा चांगला हाय. निलंग्याला दुकान हाय. काय मागत न्हाईत. भावाची लेक हाय, तिला घरातनं पाठवलं की माझ्या जीवाला बरं वाटंल."

मी या माणसाला दोष देऊ शकत नाही. माझ्या नोकरीत मी असे काका पाहिले, ज्यांनी अठराव्या वर्षी मुलगी नेली ती राबवायला. हा तसा नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की राहिलेलं कर्तव्य करायला आपण आलो आहोत.

महानंदाला बोलावलं. ती आली, काकूच्या पाया पडली, काकाच्या पडली.

"काका, पोरगा चांगलाच असंल," ती म्हणाली. "पन मला शिकायचं हाय."

"शिकली की तू. बारावी झाली."

"आजून शिकायचं हाय."

"किती?"

"संपंस्तोवर."

"संपतंय कवा ते?"

ती खरोखर विचारात पडली. मग म्हणाली, "ते मला बी ठाऊक न्हाई, काका. बहुतेक संपतच न्हाई."

मला वाटलं आता माणिकराव चिडतील. ते चिडले नाहीत. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "तुझा बाप बी असाच हुता. एखादं काम हातात घेतलं की त्याला हाका मारून उपेग न्हाई." बायकोनं पिशवीतली साडी काढून महानंदाच्या हातात दिली. "ऱ्हाऊ दे तुला," ती म्हणाली. "परत कुठं नेऊ." आणि ते दोघं जेवणासाठीही न थांबता गेले.

ते गेल्यावर मला भीती वाटली. तिनं एक घर नाकारलं होतं आणि माझ्याकडं दुसरं नव्हतं. पेटी फाटकाशी ठेवलेलीच होती. राज्यगृहात पाठवायचं तर तिथून रोज कॉलेज कसं होणार? मी फोन करत होते, तेवढ्यात अक्का रिक्षातून उतरल्या. कुणीतरी पोरानं त्यांना सांगितलं असावं.

"माझ्याकडं धाडा तिला," त्या म्हणाल्या.

आमच्या कामात संशय हा गुण आहे. मुलगी नेणारे पुष्कळ येतात, आणि 'मुलीसारखी ठेवू' हे सगळेच म्हणतात. मी सरळ विचारलं, "कामाला हवी आहे का?"

"कामाला माझ्याकडं बायका हायत."

"मग?"

अक्कांनी पदरानं हात पुसले. "म्याडम, मला त्यातलं काय कळत न्हाई. म्या शाळेत गेले न्हाई. पन ही पोरांना सांगायला लागली की हिचं तोंड बघा तुमी. देवळात बायका बसत्यात ना कीर्तनाला, तसं हुतं माझं. उठावंच वाटत न्हाई."

मी तरीही घर बघायला गेले. घर बघणं म्हणजे काय, तर लोक आपल्याला पुढची खोली दाखवतात, आपण मागची बघायची. मुलगी कुठं झोपणार, तिथला दिवा चालतो का, न्हाणीला दार आहे का, आणि सगळ्यांत आधी, खोलीची कडी आतून लागते का. अक्कांनी आपली स्वतःची खोली रिकामी केली होती. कडी नवी होती. अजून तिला तेलही लागलं नव्हतं, सकाळीच बसवून घेतलेली. मी मंडळापुढं शिफारस केली, आणि महानंदा पेटी घेऊन अक्कांकडं राहायला गेली.

निकाल लागला. गणितात पैकीच्या पैकी. दुसऱ्या दिवशी क्लासच्या सरांनी आम्हाला बोलावलं. टेबलावर मोठ्या बोर्डाचा नमुना होता. मधोमध महानंदाचा फोटो, वर ठळक अक्षरांत भूकंप, अनाथ, घर हरवलं, असं सगळं. सर उत्साहात होते. इंजिनिअरिंगची सगळी फी क्लास भरेल, म्हणाले. "भूकंपातली मुलगी इंजिनिअर होऊन घरं बांधणार! लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल."

महानंदानं बोर्ड नीट वाचला. "सर, फोटो लावा," ती म्हणाली. "नाव लावा, मार्क लावा. भूकंप नका लावू."

"अगं, मग तुझ्यात आणि बाकीच्यांत फरक काय राहिला?"

"तेच म्हणते सर."

मग तिनं हेही सांगितलं की तिला घरं बांधायची नाहीत, तिला गणितात बी.एस्सी. करायचं आहे. सरांना आधी वाटलं ती रागावून बोलते आहे. ती रागावली नव्हती. बोर्ड तिच्या म्हणण्याप्रमाणेच लागला, बाकीच्या मुलांच्या ओळीत तिचा छोटा फोटो. फीचं बोलणं मात्र तिथंच संपलं, आणि त्यांच्या बाजूनं बघितलं तर त्यात गैर काही नव्हतं.

परत येताना रिक्षात मी तिला विचारलं. मला वाटायचं, घर पडलेलं मूल आहे, जे कधी पडत नाही असं काहीतरी तिला गणितात सापडलं असेल. तसं मी बोलूनही दाखवलं. "तसं कायच न्हाई बाई," ती म्हणाली. "मला मजा येते."

त्यानंतर मी कुणाकुणाकडं गेले ते सांगत बसत नाही. मदत करणारी माणसं या भागात कमी नाहीत. पण प्रत्येकाला डॉक्टर हवा होता, नाहीतर इंजिनिअर, नाहीतर स्टेजवर येऊन 'त्या दिवशीचं' सांगणारी मुलगी हवी होती. शेवटी आम्ही काशिनाथअप्पांकडं गेलो. मोंढ्यातले जुने आडते, लिंगायत, पांढरं धोतर, तोंडात पान. त्यांनी ऐकून घेतलं आणि महानंदालाच विचारलं, "गणितानं पोट भरतंय का, बाळ?"

"तुमच्या दुकानात दिवसभर दुसरं काय चालतंय, अप्पा?"

दिवाणजी खाली मान घालून हसले. अप्पा हसले नाहीत. "माझं वेगळं हाय. मी मोजतो ते माल असतोय. तू काय मोजणार?"

तिनं मग त्यांना मूळ संख्यांचं सांगितलं. कुठल्याच दुसऱ्या आकड्यानं ज्यांचे सारखे वाटे पडत नाहीत अशा संख्या. त्या पुढं पुढं विरळ होत जातात, पण संपत नाहीत, आणि त्या संपत नाहीत हे नुसतं मोजून नाही, विचार करून कळतं. अप्पांनी पान थुंकलं, तोंड धुतलं, परत येऊन बसले आणि म्हणाले, "पुन्यांदा सांग." तिनं पुन्हा सांगितलं. बाहेर हमाल तुरीची पोती उतरवत होते आणि आत हा म्हातारा डोळे मिटून ऐकत होता.

"संपतच न्हाईत," तो म्हणाला. "आणि तुला ते इथं बसून ठावं हाय."

बी.एस्सी.ची सगळी फी आणि पुस्तकं अप्पांनी दिली. अट एकच, दर दिवाळीला येऊन नवीन काय कळलं ते सांगायचं. अप्पा होते तोवर ती जात राहिली.

इथं कामातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण बाहेरच्यांना ती माहीत नसते. लोकांना वाटतं अशा मुलांची अडचण म्हणजे फी. फी ही त्यातली सगळ्यांत सोपी. फीसाठी कुणीतरी अप्पा सापडतात. अवघड असते ती सुट्टी. संतोष नावाचा आमचा एक मुलगा होता, नांदेडला पॉलिटेक्निकला लागला. फी भरलेली, हॉस्टेल मिळालेलं. दिवाळीला हॉस्टेल रिकामं करायला सांगितलं. सगळी पोरं घरी गेली. हा कुणाला काही बोलला नाही. दिवाळीभर बसस्टँडवर आणि रेल्वेच्या फलाटावर राहिला, आणि हॉस्टेल उघडलं तेव्हा परत गेलाच नाही. मला कळलं तोवर तो पुण्याकडं कुठं कामाला निघून गेला होता. त्याच्यासाठी मी आजही हळहळते. आम्ही त्याला फी दिली, खोली दिली, आणि सगळ्या जगाला घरी जायची सुट्टी असते हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

म्हणून महानंदा एम.एस्सी.ला नांदेडला आली, तेव्हा मला सगळ्यात जास्त काळजी दिवाळीचीच होती. माझीही बदली नांदेडलाच झाली होती. मी मनाशी ठरवलं होतं, तिला इतवाऱ्यात आमच्या घरी आणायचं, अम्मीनं खोलीही झाडून ठेवली होती. सुट्टीच्या आदल्या दिवशी मी हॉस्टेलवर गेले तर फाटकाशी महादेवीअक्का बसलेल्या. लातूरहून पहाटेच्या एस.टी.नं आल्या होत्या. पायात चप्पल, मांडीवर रिकामी पिशवी.

"तुम्ही कशाला त्रास घेतला अक्का? मी नेणार होते तिला."

अक्कांना माझं बोलणं कळलं नाही. "सुट्टी लागली न्हवं?" त्या म्हणाल्या. "पोरं सुट्टीला घरी येत्यात. सामान असतंय, एकटीला कसं उचलंल, म्हणून आले."

त्यात उपकार नव्हता, दया नव्हती, आपण काही करतो आहोत याची जाणीवसुद्धा नव्हती. मी इतकी वर्षं कायदा वाचून, प्रशिक्षणं घेऊन मुलांसाठी घर म्हणजे काय ते शोधत होते. अम्मीला मी घरी जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "अच्छा हुआ. लेकिन ईद में अपने घर." तेही झालं, पुढं अक्कांसकट.

एम.एस्सी. झाल्यावर तिला शिष्यवृत्ती मिळाली आणि ती नांदेडलाच पीएच.डी. करू लागली. काय करते हे मी अनेकदा विचारलं. संख्यांबद्दलच होतं, पण पहिल्या दोन वाक्यांनंतर मला पुढं जाता यायचं नाही. ती कंटाळायची नाही, पुन्हा दुसऱ्या वाटेनं सांगायची. कधी कधी आठवडेच्या आठवडे काहीच हाती लागत नसे. तेव्हा ती इतवाऱ्यात येऊन अब्बांच्या मशीनपाशी बसायची, काजं करून द्यायची, आणि एकदम उठून निघून जायची. अब्बा म्हणायचे, "कुछ मिल गया उसकू."

पीएच.डी.ची शेवटची तोंडी परीक्षा सगळ्यांसमोर होते, कुणीही येऊन बसू शकतं, हे मला तिच्यामुळं कळलं. मी निवृत्त झाले होते. अक्का लातूरहून आल्या, हातात 'ऊटा'चा मोठा डबा. त्यांना मी पहिल्या रांगेत बसवलं. मागं प्राध्यापक, विद्यार्थी. बाहेरचे परीक्षक हैदराबादहून आलेले, वयस्कर, बारीक आवाजाचे.

महानंदा फळ्याकडं वळली आणि लिहू लागली. दीड-दोन तास चाललं असेल. मला एक अक्षर कळलं नाही. अक्कांनाही नाही. पण मी मधून मधून त्यांच्याकडं बघत होते. त्या पापणी लववत नव्हत्या. ओट्यावर बसायच्या तशाच बसल्या होत्या, हात मांडीवर, मान थोडी पुढं. परीक्षकांनी प्रश्न विचारले, तिनं उत्तरं दिली. एका प्रश्नाला ती थांबली, खडू हातात धरून नुसती फळ्याकडं बघत राहिली. मग तिनं एक ओळ पुसली, दुसरी लिहिली, आणि परीक्षक मान हलवत मागं टेकले.

शेवटी त्यांनी रिवाजाप्रमाणं विचारलं, श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचं आहे का? अशा वेळी कुणी विचारत नाही. अक्का उभ्या राहिल्या. मी त्यांचा पदर ओढला, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

"सायेब, एक इचारू का?"

परीक्षकांनी चष्मा काढला. "विचारा ना."

"ही आता जे सांगितली ते पुस्तकातलं हाय का?"

"नाही. हे तिनं शोधलेलं आहे."

"म्हंजे ह्याच्या आधी कुणालाच ठावं नव्हतं?"

"कुणालाच नाही."

"तिकडं परदेशात बी?"

"कुठंच नाही, आई. हे कळलेली पहिली व्यक्ती हीच."

अक्कांनी फळ्याकडं बघितलं, मग महानंदाकडं. महानंदाच्या कपाळावर खडूची पांढरी रेघ उमटली होती, तिला पत्ता नव्हता. मग त्या परीक्षकांकडं वळल्या आणि आपल्या नेहमीच्या भरड आवाजात म्हणाल्या,

"मग सोडा की तिला आता. सकाळधरनं ऊटा केला न्हाई तिनं."